खुला अभिलेख आणि ओलं कुंकू

चौकशी अहवालातलं शेवटून दुसरं वाक्य श्यामकांत गुप्त्यांना तोंडपाठ होतं. 'चौकशीचा संपूर्ण अभिलेख जनतेसाठी खुला राहील.' शेवटच्या वाक्यात समितीने चहापाण्याच्या उत्तम व्यवस्थेबद्दल महामंडळाचे आभार मानले होते. तेही पाठ झालं होतं, पण त्याला इलाज नव्हता. एकाच्या पाठोपाठ दुसरं आपोआप यायचं.

महामंडळ म्हणजे उपनगरी पादचारी सुविधा महामंडळ. स्टेशनांबाहेरचे काही स्कायवॉक, त्यांचे जिने आणि ज्यांना जिने चढवत नाहीत अशांसाठी बसवलेल्या लिफ्ट, एवढाच त्यांचा संसार. मे महिन्यातल्या एका दुपारी बोरिवलीच्या स्कायवॉकची लिफ्ट जमिनीवरून निघाली आणि वर पोचलीच नाही. आत एकटी नीला होती, श्यामकांतांची बायको. तिला दमा होता म्हणून तर जिना सोडून लिफ्ट. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. लिफ्टमध्ये एक लाल बटण होतं. ते दाबलं की महामंडळाच्या नियंत्रण कक्षात फोन लागायचा. तो लागला. ती बोलत राहिली. दरवाजा उघडला तेव्हा बोलणं थांबलं होतं आणि श्वासही.

समितीने सगळं तपासलं. लिफ्ट निर्दोष निघाली, वीजपुरवठा निर्दोष निघाला, देखभालीचा कंत्राटदार तर इतका निर्दोष निघाला की त्याला मुदतवाढ मिळाली. नीलाच्या वाट्याला एकच वाक्य आलं. 'प्रवासी महिलेस नियंत्रण कक्षातून अखेरपर्यंत धीर देण्यात आला.'

कोणी दिला? काय बोलून दिला? श्यामकांतांना भरपाई नको होती, कुणाची नोकरी घालवायची नव्हती. त्यांना ते बोलणं ऐकायचं होतं. पलीकडे खरंच एक माणूस होता का, की नीला शेवटचं सगळं भिंतीतल्या एका जाळीला सांगत होती, एवढं कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत त्यांचा घास घशाखाली उतरत नव्हता आणि पेपरातली ओळ डोळ्यांखालून पुढे सरकत नव्हती.

कारण नीलाला एकटीने बोलणं जमत नसे. स्वयंपाकघरातून ती पावट्याच्या भावापासून पुतणीच्या स्थळापर्यंत सगळं बोलायची आणि मध्येच ओरडायची, "अहो, ऐकताय ना?" बाहेर पेपरामागून श्यामकांत म्हणायचे, "हं." हं म्हणायला काही ऐकावं लागत नाही. पण त्या एका 'हं'वर तिची पुढची दहा वाक्यं आरामात चालायची.

अभिलेख कक्ष कांदिवलीला होता. महामंडळाच्या एका बंद पडलेल्या तिकीटघरात कपाटं लावून तो केलेला. श्यामकांत सप्टेंबरात पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत खालच्या मजल्यावरचा सहदेव परब होता. सहदेव बेस्टमधून निवृत्त झालेला ड्रायव्हर, मूळचा मालवणचा. कुठल्याही सरकारी कचेरीत शिरताना तो शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि तोंडाचं उघडायचा.

माहिती अधिकारी विद्याधर साळसकर हा चाळिशीतला, अतिशय सौजन्यशील गृहस्थ होता. त्याने दोघांना बसवलं, पाणी दिलं, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. श्यामकांतांना जरा बरं वाटलं. इतक्या सौजन्यामागे नकार असतो हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. स्वतः विमा कंपनीत आयुष्य घालवलेला माणूस.

"ध्वनिमुद्रण आहे ना हो तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे म्हणजे! समितीच्या अभिलेखातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. मानसी, ती सीडी आण गं."

कपाटापाशी बसलेली मानसी नावाची लिपिक उठली आणि तिने एक सीडी आणून टेबलावर ठेवली. वरच्या बाजूला समितीच्या तिन्ही सदस्यांच्या सह्या, तारीख, शिक्का. खालची बाजू आरशासारखी लखलखीत.

"मूळ रेकॉर्डिंग संगणकातून नियमानुसार पुसलं जातं," विद्याधर म्हणाला. "त्याआधी समितीने ही प्रत काढून घेतली. एकुलती एक. घ्या, करा निरीक्षण. पहिला तास मोफत आहे."

श्यामकांतांनी सीडी हातात घेतली. "लावता का?"

"कशावर?"

"तुमच्या कॉम्प्युटरवर."

"काका, हल्लीच्या कॉम्प्युटरला सीडीची खाच नसते. आमच्याकडे मागणी गेलीय वांद्र्याच्या मुख्य कार्यालयात. ते म्हणतात, सीडी कालबाह्य झालीय, यंत्र देता येत नाही. आम्ही म्हटलं, मग सीडी कालबाह्य म्हणून काढून टाकू का? ते म्हणाले, चौकशीचा अभिलेख आहे, हात लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

"बघा ना. बघायला काहीच हरकत नाही."

सहदेवने घसा खाकरला. "साहेब, लग्नाच्या जेवणाक बोलवून नुसतां ताट दाखवतास काय वो?"

विद्याधर मनापासून हसला. त्याचा खरंच नाइलाज होता, आणि नाइलाज असला की माणूस मोकळेपणी हसतो.

श्यामकांत तासभर त्या सीडीकडे बघत बसले. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता, मध्ये भोक असलेला. या चकतीत कुठेतरी नीला श्वास ओढत बोलतेय, आणि आपण तिच्यापासून वीतभर अंतरावर बसलोय. त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून सीडी हळूच कानाला लावली. मानसीचं लक्ष होतं. तिने मान फिरवली आणि कपाटातलं काहीतरी उगाच शोधायला लागली.

त्यानंतर श्यामकांतांना एक नाद लागला. दुपारी घरातून निघायचं, जोगेश्वरीला जा, घाटकोपरला जा, मुलुंडला जा, महामंडळाची लिफ्ट दिसली की आत शिरायचं आणि लाल बटण दाबायचं.

"नियंत्रण कक्ष. बोला, लिफ्ट अडकलीय का?"

"नाही, चालू आहे."

"मग फोन कशाला केला?"

"अडकली असती तर तुम्ही काय बोलला असता, ते ऐकायचं होतं."

"ओ आजोबा, टाइमपास नका करू. इमर्जन्सी लाइन आहे ही."

"बरोबर आहे. पण समजा एक बाई अडकलीय. दमा आहे तिला. धीर द्यायचाय. कसा द्याल?"

फोन बंद. कधी बाईचा आवाज असे, कधी पुरुषाचा, पण फोन ठेवण्याची घाई सगळ्यांची सारखीच. ज्याने त्या दुपारी फोन घेतला त्याचं नाव त्यांनी अर्ज करून मागितलं होतं. ती त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती निघाली. मुलुंडला एकदा लिफ्टचा सुरक्षारक्षक आत आला आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढताना म्हणाला, "काय रोज रोज? वेड लागलंय का?" श्यामकांतांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर देता येईना, म्हणून ते पुढच्या लिफ्टकडे गेले.

शेवटी सहदेवने तोड काढली. त्यांच्या भजनी मंडळाकडे एक जुना सीडी प्लेअर होता. "आमचो बुवा मोबाईलवरच गाणी लावता आता," तो म्हणाला. "मशीन माळ्यावर पडलाहा. घेऊन जाऊया. लावून टाकू एकदा, आणि तुझो जीव सुटंदे."

दसरा नुकताच होऊन गेला होता. अभिलेख कक्षाच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, कपाटांवर ओल्या कुंकवाची स्वस्तिकं होती, विद्याधरच्या खुर्चीच्या हातालासुद्धा बोट लागलेलं होतं. सीडी प्लेअर बघून विद्याधरचा चेहरा उतरला.

"काका, बाहेरचं उपकरण आणताय. त्याने अभिलेखाला इजा झाली तर? परवानगी लागेल. आणि दुसरंही एक आहे. रेकॉर्डिंगमध्ये एका व्यक्तीचा आवाज आहे. आवाज म्हणजे वैयक्तिक माहिती. त्या व्यक्तीची लेखी संमती जोडा."

"कुठल्या व्यक्तीची?"

"बोलणाऱ्या."

"नीलाची?"

विद्याधरने मान खाली घातली. "हो."

"अहो, ती वारली म्हणून तर चौकशी झाली ना?"

"म्हणूनच मी मुद्दाम वरून मार्गदर्शन मागवलंय. संमतीच्या जागी मृत्यूचा दाखला चालेल का म्हणून."

"आणि नाय चाललो तर?" सहदेवने विचारलं. "वैनींक खाली बोलवूचा काय सही करूक?"

"परबसाहेब, प्लीज. मी नियमाने चाललोय."

"चला, चला. तुमच्या लिफ्टपेक्षा तुम्ही बरे चालतास."

मार्गदर्शन यायला थंडी सरली. मधल्या काळात श्यामकांतांच्या शर्टाची कॉलर मोठी व्हायला लागली, म्हणजे मान बारीक झाली. स्वयंपाकघरात जाऊन ते उभे राहत, आणि दर थोड्या वेळाने कारण नसताना "हं" म्हणत. सहदेवची बायको डबा पाठवी, तो सहदेवच समोर बसून त्यांना भरवल्यासारखा संपवायला लावी. "गिळ मेल्या. तुका काय झाला तर माका तुझो अभिलेख बघूक लागात."

मार्गदर्शन आलं ते असं की दाखला चालेल. सोबत आणखी एक पत्र आलं. अहवाल स्वीकृत झाल्यामुळे प्रकरण संपलेलं असून त्याचा अभिलेख 'ड' वर्गात मोडतो, सबब तो मार्चअखेर नष्ट करावा. म्हणजे अभिलेख जनतेसाठी खुला होताच, फक्त मार्चपर्यंत.

श्यामकांत ते पत्र घेऊन कांदिवलीला धावले. खरोखरच धावले. विद्याधरच्या टेबलापाशी पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. मग त्या माणसाने, आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातलेल्या आणि कुणापुढे मान न तुकवलेल्या माणसाने, मुलगा शोभेल अशा वयाच्या अधिकाऱ्याच्या पायांना हात लावायला वाकायला सुरुवात केली.

विद्याधर ताडकन उठला. "काका, काय करताय! असं नका करू. वर कॅमेरा आहे."

"मला ऐकू द्या हो. एकदाच. मग जाळा, पुरा, काय वाट्टेल ते करा."

"देतो. परवानगी आलीय. सोमवारी या. मशीन घेऊन या. पण आधी उठा. मानसी, काकांना पाणी दे."

मानसी पाणी घेऊन आली. तिचे डोळे भरलेले होते. "होईल काका तुमचं काम," ती म्हणाली. "मी तर दसऱ्यालाच देवीला साकडं घातलंय."

सोमवारी श्यामकांतांनी दाढी केली, नीलाला आवडणारा निळा शर्ट घातला. सहदेवने सीडी प्लेअर नव्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. विद्याधरने आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर बाजूला सरकवून जागा केली, टेबलपंखा बंद केला, दाराला आतून कडी घातली. मानसीने कपाटातून पाकीट आणलं आणि सीडी बाहेर काढली.

लखलखीत बाजूवर, मधल्या भोकाच्या शेजारी, एक ठसठशीत लाल स्वस्तिक होतं. त्याच्या चारी घरांत बोटाने लावलेले चार ठिपके. सुकलेल्या कुंकवात दोन-तीन तांदूळ रुतून बसले होते.

बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चालू होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"हे काय आहे?" विद्याधरने विचारलं.

"खंडेनवमीची पूजा," मानसी म्हणाली. "आपण कपाटांची केली ना, सर, तेव्हा..."

"कपाटांची! सीडी कपाटातून बाहेर कशाला काढलीस?"

"काका इतक्या आशेने येतात, म्हणून. म्हटलं त्यांचं काम व्हावं. सगळ्यांत पहिलं कुंकू हिलाच लावलं, सर. पाटावर मध्ये ठेवून."

"अगं पण या बाजूला? वरच्या बाजूला लावायचंस!"

"तिकडे सह्या होत्या ना. लिहिलेल्यावर कुंकू कसं लावायचं? ही बाजू कोरी होती." एवढं बोलून ती तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

यात चुकीचं काय होतं ते सहदेवलाही लगेच सांगता आलं नाही. त्यानेसुद्धा तीस वर्षं खंडेनवमीला बसच्या स्टेअरिंगला असंच कुंकू लावलं होतं, आणि बस दुसऱ्या दिवशी चालू व्हायची.

विद्याधरने रुमाल ओला केला आणि पुसायला घेतलं. कुंकू गेलं, पण जाताना तांदळाने त्या लखलखाटावर बारीक बारीक रेघा ओढल्या. स्वस्तिक गुलाबी होऊन तिथेच राहिलं. श्यामकांत मध्ये पडले. "पुरे. आता हात लावू नका कुणी." त्यांनी सीडी दोन बोटांत कडेने धरली, तान्हं मूल धरावं तशी, आणि मशीनमध्ये ठेवली.

मशीन घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं.

'आपला कॉल सेवेच्या गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित करण्यात येत आहे.'

मग खरखर. मग एक पुरुषी आवाज, तरुण, कंटाळलेला. "नियंत्रण कक्ष."

आणि मग नीला.

"हॅलो. हॅलो, अहो, ही लिफ्ट अडकलीय. मी आत एकटीच आहे."

श्यामकांतांनी टेबलाची कडा घट्ट धरली. तिचा आवाज जवळ होता. दम लागलेला होता, पण घाबरलेला नव्हता. दूधवाल्याने पिशवी कमी टाकली तर ती ज्या आवाजात सांगायची, तोच.

"कुठल्या स्टेशनची लिफ्ट?"

"बोरिवली. पूर्वेची. जरा लवकर पाठवा हं कुणाला. मला दमा आहे आणि पंप पिशवीत सापडत नाहीये."

"मॅडम, लाइनवर राहा. मी मेकॅनिकला सांगतो."

"राहते ना. मी कुठे जातेय? पण तुम्ही पण राहा हं. फोन ठेवू नका. ऐकताय ना?"

श्यामकांत पुढे झुकले. आता. आता तो उत्तर देणार. ज्या उत्तरासाठी त्यांनी उपनगरातल्या सगळ्या लिफ्ट पालथ्या घातल्या, ते आता येणार.

मशीन चट असा आवाज करून मागे गेलं.

"...ऐकताय ना?"

पुन्हा चट.

"...ऐकताय ना?"

"कुंकवात अडकलां," सहदेव हळूच म्हणाला. त्याने मशीनला टपली मारली. विद्याधरने पुढे जाण्याचं बटण दाबलं, तर सगळंच गप्प झालं. पहिल्यापासून लावलं. नीलाची लिफ्ट पुन्हा अडकली, पंप पुन्हा पिशवीत सापडला नाही, आणि बोलणं त्याच जागी येऊन पुन्हा थांबलं. पुढे धीर होता की नुसती खरखर होती, तो तरुण लाइनवर होता की चहाला गेला होता, ते स्वस्तिकाखाली गेलं होतं. आणि मूळ प्रत नियमानुसार पुसलेली.

"...ऐकताय ना? ...ऐकताय ना?"

"बंद करू का, काका?" मानसीने रडत रडत विचारलं.

श्यामकांतांनी हात वर करून तिला थांबवलं. ते मशीनच्या अगदी जवळ सरकले होते, कान जाळीला टेकला होता.

"ऐकतोय," ते म्हणाले. "ऐकतोय गं."

"...ऐकताय ना?"

"ऐकतोय."

विद्याधरने खिडकीबाहेर बघितलं. मग खुर्चीत बसला, मग उठला. बराच वेळ असं चाललं. शेवटी त्याने एक छापील चिठ्ठी टेबलावरून पुढे सरकवली आणि घसा साफ करून म्हणाला, "काका, तास संपत आलाय. इथे सही लागेल. 'अभिलेखाचे निरीक्षण केले, समाधान झाले, झाले नाही.' नको असेल ते खोडायचं."

श्यामकांतांनी मान वर केली नाही.

"झाले लिहिलंत की प्रकरण बंद," विद्याधर पुढे म्हणाला. तो हे त्यांच्याशी बोलत होता की भिंतीशी, ते कळत नव्हतं. "मार्चअखेर सीडी जाणार. 'झाले नाही' लिहिलंत तर मोठीच पंचाईत. मग प्रकरण प्रलंबित. प्रलंबित प्रकरणातली वस्तू नष्ट करताच येत नाही. मग पुन्हा तारीख, पुन्हा तुम्ही येणार, पुन्हा हे मशीन लावायचं. वर्षानुवर्षं चालतात अशी प्रकरणं. आमच्या डोक्याला ताप."

सहदेवने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला या माणसाला टोमणा मारावासा वाटला नाही.

"तारीख कधीची देशील?" श्यामकांतांनी विचारलं. अहो-जाहो सुटलं होतं.

"पुढच्या सोमवारी. चालेल?"

"तोवर ती काय करेल?"

यावर नियमात काही नव्हतं.

श्यामकांतांनी पेन घेतलं. 'झाले' त्यांनी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. मग ते पुन्हा जाळीकडे वळले. सहदेवने प्लगपाशी हात नेला होता.

"थांब रे," ते म्हणाले. "तिने विचारलंय. एकदा उत्तर देऊ दे."

सहदेव थांबला. सीडी फिरून त्याच जागी आली, नीलाने विचारलं, श्यामकांतांनी सांगितलं, आणि पुन्हा तिने विचारलं. बाहेर दारावर कुणीतरी दुसराच अर्जदार टकटक करत होता. कुणी कडी काढायला उठलं नाही.